खापर कोणाच्या डोक्यावर?

आमच्या घराण्यात आजवर कुणी पुस्तक लिहिलेलं नाही. आजोबांनी किराणा दुकानातली उधारीची वही लिहिली, वडिलांनी शाळेचं हजेरीपत्रक लिहिलं आणि मी गेली वीस वर्षं बँकेत बसून व्हाउचरं लिहितो आहे. त्यामुळे होळीला आलेला माझा भाचा चहा पिता पिता म्हणाला, "मामा, मी सध्या एक लायब्ररी लिहितोय," तेव्हा माझा बशीतला चहा बशीतच राहिला. ज्या घराण्यात एक पुस्तक निघालं नाही, तिथे एकदम अख्खी लायब्ररी!

"किती पुस्तकं झाली?" मी कौतुकानं विचारलं.

"पुस्तकं नाही हो मामा. कोडची लायब्ररी. सेमीकंडक्टरच्या एसटीडीएफ फायली पार्स करते."

या वाक्यातलं 'च्या' आणि 'करते' एवढं मला समजलं. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी विचारलं, "एसटीत आता अर्धे कंडक्टर भरायला लागले का?" मला तर 'एसटीडी' म्हटल्यावर स्टँडसमोरचा तो पिवळा टेलिफोन बूथ आठवला. मी बी.कॉम. आहे. आमच्या वेळी सेमी म्हणजे क्रिकेटची सेमीफायनल, आणि कंडक्टर म्हणजे सुटे पैसे नसल्यावर तिकिटामागे पेन्सिलीनं बाकी लिहून देणारा माणूस. या दोघांची गाठ कधी पडेल असं वाटलं नव्हतं.

आधी आमचं गाव सांगतो. खापर हे नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर. थोडं पुढे गेलं की गुजरात. मोबाईल कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी गुजरातचा, आणि बऱ्याचदा दोघांचा मान राखून कुणाचाच धरत नाही. आमच्या घरात तो फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या उत्तर बाजूला धरतो. आणि तिथेच या दिवसांत सौ.चे ज्वारीचे बिबडे वाळत असतात. तेव्हा भाचेबुवांची व्यवस्था आपोआप ठरली. एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला बिबडे, आणि हातात कावळे हाकायची काठी. "शंभर मोजून घातलेत," सौ.नी बजावलं. बँकेच्या कॅशियरला करन्सी चेस्टसुद्धा इतकं बजावत नसेल.

भाचा पुण्यात इंजिनियर झाला आणि आता साणंदला असतो. अहमदाबादजवळचं हे साणंद म्हणजे जिथे टाटांची नॅनो गाडी तयार व्हायची, ते. २०१८ मध्ये नॅनो बंद झाली. मग २०२३ च्या जूनमध्ये मायक्रॉन या अमेरिकन कंपनीनं तिथे चिप जोडण्या-तपासण्याचा कारखाना जाहीर केला आणि पाठोपाठ आणखी काही आल्या. नॅनो गेली, नॅनोमीटर आलं. भाच्याची कंपनी कोणती ते मी सांगणार नाही. तो बिचारा नोकरीला नवा आहे आणि मी लेखक जुना आहे.

"मामा, सोपं आहे," तो म्हणाला. भाचा 'सोपं आहे' म्हणाला की मामानं सावध व्हावं, कारण 'मामा बनवणे' हा वाक्प्रचार काही उगाच रूढ झालेला नाही. पण खरंच सोपं निघालं.

सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर शेकडो चिपा एकदम तयार होतात. त्यांतली प्रत्येक तपासावी लागते. यंत्र तिला सुया टेकवतं, वीज देतं आणि विचारतं : व्होल्टेज किती, करंट किती, बेरीज येते का. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नोंदवलं जातं आणि शेवटी चिप पास की नापास ते ठरतं. नापास झाली तर कशात, त्याप्रमाणे तिला वेगवेगळ्या खणात टाकतात. पुढे तिला कवच चढवलं की पुन्हा परीक्षा. थोडक्यात, बोर्डाच्या परीक्षेसारखं, फक्त इथे ग्रेस मार्क नाहीत. या सगळ्या नोंदी ज्या फायलीत जातात, तिचा नमुना टेराडाइन या अमेरिकेतल्या तपासणी यंत्रांच्या कंपनीनं १९८० च्या दशकात ठरवला. स्टँडर्ड टेस्ट डेटा फॉरमॅट असं त्याचं नाव. तो अजून जगभर चालतो. आमच्या बँकेतले नमुने तीन महिन्यांत बदलतात आणि जुने फॉर्म संपेपर्यंत नवे येत नाहीत.

"आणि लायब्ररी काय करते?"

"ती फाईल माणसाला वाचता येत नाही. नुसते आकडे चिकटून असतात. लायब्ररी ती वाचून दाखवते. ज्याला हवं त्यानं तिला बोलवायचं. पायथनमध्ये पायएसटीडीएफ नावाची एक फुकट मिळते, पण आम्हाला आमच्या कामापुरती वेगळी हवी आहे."

मला एकदम आजोबांचं दुकान आठवलं. गावात पूर्वी ज्यांना वाचता येत नसे ते पत्र घेऊन दुकानात यायचे आणि आजोबा मोठ्यानं वाचून दाखवायचे. म्हणजे आजोबा ही आमच्या घरातली पहिली लायब्ररी. पण आजोबांना एक खोड होती. पत्रात लिहिलेलं असो वा नसो, शेवटी ते स्वतःच्या पदरचं "बाकी सर्व खुशाल" लावून द्यायचे. ऐकणारा सुखी, आजोबा सुखी, आणि ज्यानं पत्र लिहिलं तो आजारी.

हे मी भाच्याला सांगितलं. तो हसला. त्या वेळी आम्हा दोघांनाही ते पुढे किती उपयोगी पडणार आहे याची कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी धुळवड, बँकेला सुट्टी. मी त्याच्याशेजारी गच्चीवर जाऊन बसलो. मला वाटलं होतं काहीतरी अगम्य असेल. पण फाईल उघडून तो समजावू लागला तसतसं वाटू लागलं, हे तर आमचंच खातं आहे!

प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला चार बाइट. पहिल्या दोनांत पुढचा मजकूर किती लांब आहे ते. तिसऱ्यात नोंद कोणत्या जातीची, चौथ्यात पोटजात. आमच्याकडे जातीचा दाखला शेवटी जोडतात, इथे तो सुरुवातीला, एवढाच फरक. सर्वांत पहिली नोंद अगदी लहान, तिचा मजकूर दोनच बाइटांचा : फाईल कोणत्या प्रकारच्या कॉम्प्युटरनं लिहिली आणि नमुन्याची आवृत्ती कितवी.

"कुणी लिहिली याच्याशी काय करायचंय?" मी म्हटलं.

"कारण काही कॉम्प्युटर आकडा मोठ्या बाजूनं लिहितात, काही लहान बाजूनं. उलटं वाचलं तर दोनाचे पाचशे बारा होतात."

हे मला पटायला एक क्षणही लागला नाही. आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे आधी पाच, मग वीस. इंग्रजीत ट्वेंटी-फाइव्ह, आधी वीस, मग पाच. 'त्रेपन्न' ऐकून पस्तीस लिहिणारी मुलं आणि हेडक्लार्क मी डोळ्यांनी पाहिले आहेत. भाचा म्हणाला, या भांडणाला १९८० साली डॅनी कोहेन या संशोधकानं गलिव्हरच्या गोष्टीतलं नाव दिलं. तिथे अंडं मोठ्या टोकानं फोडावं की लहान, यावरून लढाई होते ना, तेच. आम्ही दोघं शाकाहारी. आम्ही नारळावर समजून घेतलं.

पुढे तर मला घरीच आल्यासारखं वाटलं. एखाद्या चाचणीत पास व्हायला कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, हे पहिल्या नोंदीत लिहिलेलं असतं. नंतरच्या नोंदींत ते गाळलं तरी चालतं. आजोबांच्या वहीत नव्हतं का, पहिल्या ओळीत 'तूरडाळ' आणि खाली नुसत्या दोन रेघा? पण पहिली ओळ वाचायची राहून गेली, की रेघा कशाच्या कुणालाच कळायचं नाही.

निकाल शून्य येणं वेगळं आणि चाचणीच न होणं वेगळं. त्यासाठी शेजारी एक खूण असते. खात्यात शून्य रुपये आणि खातंच नाही, यातला फरक ज्याला काउंटरवर समजावून सांगावा लागला आहे, त्याला या खुणेचं मोल विचारा.

आणि तारखा! कॉम्प्युटरवाले वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले अशी. कुणी वेळ भरलीच नाही आणि तिथे शून्य राहिलं, की आपल्याकडच्या पडद्यावर बऱ्याचदा १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच असं उमटतं. मी म्हटलं, "बाळ, यात नवल काय? माझ्या शाखेतल्या निम्म्या खातेदारांची जन्मतारीख १ जून आहे. गुरुजींना तारीख माहीत नसली की ते १ जून लिहीत." जगातल्या सगळ्या यंत्रांचा एक वाढदिवस आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या माणसांचा एक.

अशी दुपार छान चालली होती. तेवढ्यात भाच्याच्या कपाळाला आठी पडली.

फायलीच्या शेवटी एक बेरजेची नोंद असते : किती तुकडे तपासले, किती परत तपासले, किती चांगले निघाले. आमच्या डे-बुकची शेवटची ओळच ती. नमुन्याच्या या फायलीत शेवटची ओळ म्हणत होती १,२४०. आणि भाच्याची लायब्ररी एकेक नोंद मोजून म्हणत होती १,२४७. फरक सात.

'फरक' हा शब्द ऐकला की बँकेतल्या माणसाच्या पोटात जे होतं ते इतरांना कळणार नाही. दिवसाअखेर सात रुपयांचा फरक शोधत आम्ही रात्री नऊपर्यंत बसलो आहोत आणि त्यापायी सत्तर रुपयांचा चहा प्यालो आहोत.

"परत तपासलेले किती लिहिलेत?" मी विचारलं.

त्यानं दाखवलं. तिथे आकडा होता ४,२९,४९,६७,२९५. चारशे एकोणतीस कोटी! मी चष्मा पुसला. भाचा म्हणाला, "त्याचा अर्थ 'माहिती नाही' असा होतो. रकाना कोरा ठेवता येत नाही म्हणून मावेल तेवढा सर्वांत मोठा आकडा लिहितात." मला ते यंत्र आवडलं. 'माहिती नाही' हे इतक्या ठणठणीत आवाजात सांगणारं आमच्याकडे कुणी नाही.

"मग आता?"

"काही नाही हो मामा. शेवटची बेरीज प्रमाण मानायची आणि जास्तीचे शेवटचे सात सोडून द्यायचे. एक ओळ टाकली की जुळेल. मला रात्रीपर्यंत पाठवायचं आहे."

आणि वाचकहो, इथे मला एक जुनी गोष्ट आठवली, जी मी सौ.लासुद्धा पूर्ण सांगितलेली नाही.

बारा-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सातपुड्याच्या पायथ्याच्या दुसऱ्या एका शाखेत होतो. अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी आली. साठ नावं, पुढे ज्याच्या त्याच्या शेताप्रमाणे रक्कम. चोविसावा शेतकरी मध्यंतरी वारला होता. त्याच्या नावावर रेघ मारून वारसाचं नाव यादीच्या अगदी शेवटी हातानं लिहिलं होतं, रक्कम तीच. मला हात झरझर चालवायची हौस. मी आधी सगळी नावं टाइप केली आणि मग सगळ्या रकमा. नावांत चोविसावा गाळला आणि वारस शेवटी घातला. रकमांत मात्र चोविसावी जागच्या जागी राहिली. नावं साठ, रकमा साठ, बेरीज पैशापर्यंत जुळली. मी खूश होऊन पैसे जमा केले आणि वर पानपट्टीवर गेलो.

चोविसाव्या ओळीपासून खाली सदतीस माणसांना दुसऱ्याचे पैसे गेले होते.

आठ दिवसांनी एक म्हातारी आली. पाड्यावरून चालत आलेली. तिला मराठी येत नव्हतं, मला भिली येत नव्हती. सातवीतला नातू मध्ये उभा राहून इकडचं तिकडे करत होता. तो म्हणाला, "आजी म्हणते, पैसे चुकले."

"किती यायला हवे होते?"

"दोन हजार सातशे."

मी पाहिलं. आले होते सहा हजार तीनशे. मी हसलो. "अरे, जास्त आलेत! जास्त आल्याची तक्रार कसली करता? कॉम्प्युटरमध्ये बरोबर आहे. बेरीज जुळली आहे."

नातवानं ते तिला सांगितलं. ती बराच वेळ काहीतरी बोलली. नातू म्हणाला, "आजी म्हणते, मग कुणाचे तरी कमी आले असतील."

पुढे तीही हसली नाही आणि मीही हसलो नाही. बी.कॉम.ला मला ऑडिटिंग हा विषय होता आणि त्यात अठ्ठावन्न मार्क होते. त्या वाक्यात जेवढं ऑडिटिंग होतं तेवढं त्या पुस्तकात नव्हतं. मी यादी काढली, पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली आणि चोविसाव्या ओळीवर माझा घाम यादीवर पडला. सगळं निस्तरायला दीड महिना लागला. काहींनी पैसे खर्च करून टाकले होते. ज्यांना कमी मिळाले होते त्यांतल्या एकानंही तक्रार केली नव्हती. सरकारनं दिलं ते दिलं, असं त्यांना वाटलं. मला मेमो मिळाला, तो योग्यच होता. पण मेमोतलं एक वाक्यही आता आठवत नाही. ते नातवाचं वाक्य मात्र तसंच्या तसं आठवतं.

आणि त्याहून जास्त खुपतं ते माझं वाक्य : "कॉम्प्युटरमध्ये बरोबर आहे." चूक माझ्या हातांची, आणि खापर बिचाऱ्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर. पुढे माझी बदली नेमकी खापरला झाली, याला मी योगायोग मानत नाही.

गोष्ट संपली तेव्हा भाच्याच्या हातातली काठी आडवी झाली होती आणि एक कावळा बिबड्यांच्या बराच जवळ आला होता. मी त्याला हाकललं आणि म्हटलं, "सात जास्त आहेत ना? मग आधी हे बघ, ते कोणते सात."

त्यानं सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये काढल्या. मी पट्टी मागितली. पडद्यावर पट्टी ठेवून वाचणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा. प्रत्येक चिपेपुढे चकतीवरची जागा लिहिलेली असते, आडवी किती, उभी किती, सातबाऱ्यावरच्या गट नंबरसारखी. तासाभरात सापडलं. सात जागा दोनदा आल्या होत्या. त्या सात चिपा एकदा तपासून परत तपासल्या होत्या आणि दुसऱ्या नोंदीत 'ही नोंद आधीच्या नोंदीच्या जागी धरावी' अशी खूणही होती. त्या चिपा फायलीच्या मध्यावर कुठेतरी होत्या. शेवटचे सात, ज्यांना भाचा सोडून देणार होता, ते बिचारे पूर्ण निरपराध होते. आणि त्या सात जणांतल्या पाच पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. दोन मात्र पहिल्यांदा पास आणि दुसऱ्यांदा नापास.

"ही चिप कशात बसते रे?" मी त्या दोघींकडे बोट दाखवून विचारलं.

"कशातही बसू शकते, मामा. गाडीच्या ब्रेकमध्येसुद्धा."

आम्ही दोघंही खालच्या रस्त्याकडे बघू लागलो. अंकलेश्वरच्या बाजूला ट्रकमागून ट्रक चालले होते.

मग भाच्यानं ती जुळवाजुळवीची ओळ खोडली. आता त्याची लायब्ररी काहीही सोडत नाही, काहीही पदरचं घालत नाही. दोन्ही नोंदी दाखवते, नंतरची कोणती ते सांगते, आणि बेरीज न जुळल्यास थांबते. थांबल्यावर काय संदेश द्यावा असं त्यानं मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं लेखन साणंदपर्यंत जाणार होतं. मी बराच विचार केला आणि आमच्या जुन्या हेडकॅशियरचं वाक्य दिलं : 'फरक ७. आधी शोधा.' त्यानं ते इंग्रजीत घातलं. माझं नाव कुठे येईल का विचारलं, तर म्हणाला, "मामा, लायब्ररीत लेखकाचं नाव छोट्या अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही." म्हणजे तिथेही माझ्या व्हाउचरांसारखंच.

एक गोष्ट मात्र मी त्याला निघताना पुन्हा सांगितली. बेरीज जुळली नाही तर शोधायचं, हे कुणीही सांगेल. माझी तर पैशापर्यंत जुळली होती. तेव्हा जुळली तरी मधली एखादी ओळ पट्टी ठेवून वाचायची. आणि कुणी येऊन म्हणालं 'चुकलंय', तर आधी ऐकून घ्यायचं. 'बाकी सर्व खुशाल' लावायचा मोह आमच्या घराण्यात पिढीजात आहे, तो तुझ्या लायब्ररीत उतरू देऊ नकोस.

भाचा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेला. पूर्ण कंडक्टर होता. संध्याकाळी सौ. गच्चीवरून डबा घेऊन उतरल्या आणि मला समोर उभं करून म्हणाल्या, "शंभर घातले होते. त्र्याण्णव भरले."

मी हिशेब केला. फरक सात. अर्धे ओले बिबडे खायला काय लागतात, हे ज्यानं खाल्लेत त्यालाच ठाऊक. कावळ्यांचं नाव सांगणं सहज शक्य होतं. काठी भाच्याच्या हातात होती, तोही आता दूर गेला होता. पण मी खापरचा रहिवासी.

"तीन त्यानं खाल्ले," मी म्हटलं. "चार मी. तपासणीसाठी."

सौ.नी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि डबा पुन्हा मोजायला घेतला. बेरीज जुळल्यावरसुद्धा.